अणुअभियांत्रिकी: पैसे भरून शिकायची की पैसे घेऊन?

बारावीचे आणि सीईटीचे निकाल लागले की ओळखीतून एकदोन फोन हमखास येतात. "मुलाला न्यूक्लियर इंजिनिअरिंग करायचंय. एका खासगी विद्यापीठात बी.टेक. आहे, जागाही मिळतेय. घेऊ का?" फोनवर बहुतेक वेळा वडील किंवा मामा असतात आणि मागून मुलगा "स्पीकरवर टाका ना" म्हणत असतो. मी आधी फी विचारतो. मग विचारतो, पदवी हातात आल्यावर पहिला अर्ज कुठे करणार? फीचा आकडा पटकन येतो. दुसऱ्या प्रश्नाला मात्र "म्हणजे... बीएआरसीत वगैरे", म्हणजे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, असं काहीतरी येतं.

मी मेकॅनिकलचा माणूस. काही वर्षं अणुवीज प्रकल्पांसाठी भाग बनवणाऱ्या कारखान्यात काढली, त्यामुळे या क्षेत्रातले लोक कुठून आणि कसे येतात हे जवळून पाहिलं. त्या अनुभवावर खालच्या पायऱ्या लिहितोय. त्या भारतात राहून या क्षेत्रात यायचं असलेल्यांसाठी आहेत, परदेशाचा विचार शेवटाकडे थोडक्यात केला आहे.

पायरी १: नोकरी देणाऱ्याच्या बाजूने बघा

अणुवीज केंद्र म्हणजे सगळीकडे अणूच अणू असं बाहेरून वाटतं. आत गेल्यावर दिसतात पंप, व्हॉल्व्ह, उष्णता विनिमयक, टर्बाइन, केबलचे ट्रे, काँक्रीटच्या जाड भिंती आणि कंट्रोल रूममधले पॅनेल. ७०० मेगावॉटच्या आपल्या दाबित जड पाणी अणुभट्टीत (जड पाणी म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असलेलं पाणी) ३९२ आडव्या नळ्या असतात. त्यांत इंधनाचे अर्ध्या मीटर लांबीचे जुडगे सरकवलेले असतात आणि भट्टी चालू असतानाच एका टोकाने नवा जुडगा आत, दुसऱ्या टोकाने वापरलेला बाहेर असं काम चालतं. न्यूट्रॉनचा हिशोब करणारी माणसं लागतातच, पण थोडी. नळीचा धातू किती वर्षांनी किती लोंबेल, पाणी नेमकं किती उष्णता उचलेल, भूकंपात पाइपचा आधार टिकेल का, हे प्रश्न मेकॅनिकल, केमिकल, मेटलर्जी आणि सिव्हिलवाल्यांचे.

म्हणून अणुऊर्जा खात्याच्या आणि अणुवीज केंद्रं चालवणाऱ्या एनपीसीआयएलच्या जाहिराती उघडल्या की ओळीने मेकॅनिकल, केमिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन, सिव्हिल अशा शाखा दिसतात. काही वर्षांच्या बीएआरसीच्या जाहिरातींत न्यूक्लियरही दिसते, पण जागांचा मोठा वाटा मूळ शाखांचा. त्यातच गेट परीक्षेत (एम.टेक. प्रवेशाला आणि अशा भरतीला जिचे गुण धरतात ती) न्यूक्लियर इंजिनिअरिंगचा पेपरच नाही. म्हणजे चार वर्षं न्यूक्लियर शिकलेल्या मुलाला गेट द्यायची तर मेकॅनिकल किंवा दुसऱ्या शाखेच्या पेपरला बसावं लागतं, आणि तिथे त्याची गाठ त्याच विषयात चार वर्षं मुरलेल्यांशी पडते.

अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षांची शिक्षणं पाहा. होमी भाभांनी केंब्रिजला आधी मेकॅनिकल केलं, मग भौतिकशास्त्राकडे वळले. एम. आर. श्रीनिवासन मेकॅनिकलचे. अनिल काकोडकर मुंबईच्या व्हीजेटीआयमधून मेकॅनिकल होऊन तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) बीएआरसी प्रशिक्षण शाळेत गेले. श्रीकुमार बॅनर्जी धातुशास्त्राचे. पदवीवर 'न्यूक्लियर' नसल्याने यांचं काही अडलं नाही.

पायरी २: कागद घ्या आणि आकडे लिहा

एक कल्पित उदाहरण घेऊ. फी वर्षाला ३ लाख, राहणं-जेवण दीड लाख. चार वर्षांचे १८ लाख. हे सगळं शैक्षणिक कर्जातून आलं आणि १० टक्के व्याजाने १० वर्षांत फेडायचं म्हटलं, तर महिन्याचा हप्ता २३,८०० रुपयांच्या आसपास बसतो. शिकत असतानाचं व्याज साचलं तर त्याहून जास्त.

आता हप्ता विसरा आणि शेजारी दुसरा स्तंभ काढा. या पदवीवर मी कोणत्या किती ठिकाणी अर्ज करू शकतो? 'सरकारी' आणि 'खासगी' असे दोन कप्पे करून खरी नावं लिहा. मेकॅनिकलची पदवी असेल तर अणुक्षेत्रात जमलं नाही तरी वाहन उद्योग, तेल शुद्धीकरण, संरक्षण, औष्णिक वीज असं काहीही उरतं. न्यूक्लियरची पदवी असेल तर कप्पे लवकर रिकामे होतात, कारण देशात मोठा मालक जवळपास एकच आहे. त्याने एखाद्या वर्षी भरती कमी केली तर तुमची अख्खी बॅच अडकते.

तिसरा आकडा लोक विसरतात, तो वयाचा. बीएआरसीच्या एक वर्षाच्या प्रशिक्षणासाठी खुल्या गटाची कमाल वयोमर्यादा २६ आहे, ओबीसींना २९ आणि अनुसूचित जाती-जमातींना ३१. एनपीसीआयएलच्या एक्झिक्युटिव्ह ट्रेनीलाही खुल्या गटाला २६ च. बारावीनंतर एक ड्रॉप, मग चार वर्षांची पदवी, एखादं एटीकेटीने गेलेलं वर्ष आणि गेटसाठी दोन वर्षं घरी बसणं: एवढ्यात दार बंद व्हायला येतं. इतर परीक्षांना "अजून एक अटेम्प्ट देऊ" परवडतं, इथे फारसं नाही.

पायरी ३: पदवी स्वस्तात आणि चांगल्या ठिकाणी घ्या

महाराष्ट्रातल्या मुलांचं नशीब या बाबतीत बरं आहे. सीईटीच्या कॅप राउंडमधून पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, नांदेडचं एसजीजीएस अशी कॉलेजं मिळतात. केमिकलसाठी माटुंग्याचं आयसीटी आहे. जेईईतून नागपूरचं व्हीएनआयटी. यांतल्या कुठल्याही ठिकाणची मूळ शाखेची पदवी अणुऊर्जा खात्यात अगदी चालते, आणि फीचा आकडा महागड्या खासगी पदवीच्या जवळपासही जात नाही.

शाखा निवडताना मेटलर्जीला नाक मुरडू नका. घरी "मेटलर्जी म्हणजे काय, भंगाराचा धंदा?" असं कोणीतरी म्हणणारच. तिचा कटऑफ कॉम्प्युटरपेक्षा पुष्कळ खाली असतो, आणि अणुक्षेत्रात झिर्कोनियमच्या मिश्रधातूंपासून वेल्डिंगच्या तपासणीपर्यंत धातूवाल्यांचं पानोपानी काम पडतं. हैदराबादचं न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्स उभंच आहे त्या विद्येवर.

कॉलेज ठरवताना प्लेसमेंटच्या जाहिरातीपेक्षा दोन साध्या गोष्टी बघा. गेल्या दोनतीन वर्षांत इथून गेटमध्ये चांगला स्कोअर किती जणांना मिळाला, आणि थर्मोडायनॅमिक्स, फ्लुइड मेकॅनिक्स, हीट ट्रान्सफर शिकवणारे मास्तर कोण आहेत. सीनियर मुलांना चहा पाजला की ही माहिती वीस मिनिटांत मिळते.

पायरी ४: पैसे घेऊन शिकण्याची दारं

या क्षेत्रात अणुअभियांत्रिकी शिकवण्यासाठी सरकार तुम्हाला पगार देतं. खासगी विद्यापीठाच्या रंगीत माहितीपुस्तिकेत हे वाक्य तुम्हाला सापडणार नाही.

तुर्भ्याची बीएआरसी प्रशिक्षण शाळा १९५७ साली सुरू झाली. आशियातली पहिली अणुभट्टी 'अप्सरा' तिथे ४ ऑगस्ट १९५६ ला चालू झाली होती, आणि भट्टी चालवायला, पुढची बांधायला माणसं हवी होती. बाहेरून तज्ज्ञ आयात करण्याऐवजी भाभांनी पदवीधरांना घेऊन आतच तयार करायचं ठरवलं. ती पद्धत आजही चालू आहे. अभियांत्रिकी पदवीधर आणि विज्ञानातले पदव्युत्तर यांच्यासाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो, त्याला ओसीईएस म्हणतात. या वर्षात रिअ‍ॅक्टर फिजिक्स, थर्मल हायड्रॉलिक्स, मटेरियल सायन्स, आरोग्य-भौतिकी, नियंत्रण प्रणाली असं सगळं शिकवतात, म्हणजे बाहेर ज्यासाठी लाखो रुपये मोजावे लागतील तेच. इथे दरमहा विद्यावेतन मिळतं आणि पुस्तकांसाठी वेगळी रक्कम.

पात्रता साधी आहे: पदवीला किमान ६० टक्के, वयाची वर सांगितलेली अट, आणि निवडीसाठी दोन वाटा. एक, गेटचा स्कोअर. दुसरी, त्यांची स्वतःची ऑनलाइन परीक्षा. दोन्हींचं काम एकच, मुलाखतीला कोणाला बोलवायचं ते ठरवणं. अंतिम निवड मुलाखतीवर होते, त्यामुळे गेटमध्ये अफाट स्कोअर काढून मुलाखतीत गडगडलेले खूप भेटतात.

वर्ष उत्तीर्ण होण्यासाठी एकूण ५० टक्के लागतात, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही. दर आठवड्याला परीक्षा असल्यासारखं वर्ष जातं, असं तिथून आलेले सगळेच सांगतात. पार पडलात की सायंटिफिक ऑफिसर 'सी' म्हणून वेतन स्तर १० वर नेमणूक होते. मूळ वेतन ५६,१००, त्यावर महागाई भत्ता, आणि क्वार्टर नसेल तर घरभाडे भत्ता. बदल्यात किमान ३ वर्षं सेवेचा बॉन्ड लिहून द्यावा लागतो. प्रशिक्षणात गुण चांगले असतील आणि पुढचं एक वर्ष प्रकल्प केला, तर होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची एम.टेक. मिळू शकते. ही संस्था २००५ पासूनचं अभिमत विद्यापीठ आहे, अणुशक्तीनगरात. तर हीच तुमची न्यूक्लियरची पदव्युत्तर पदवी, आणि तीही पगार चालू असताना.

दुसरं दार डीजीएफएस. यात अणुऊर्जा खातं तुम्हाला ठरावीक आयआयटी आणि अशाच काही संस्थांत एम.टेक.ला पाठवतं. शिक्षण शुल्क ते भरतात, वर विद्यावेतन देतात, आणि एम.टेक.नंतर त्याच सायंटिफिक ऑफिसरच्या पदावर घेतात. मुलाखत ओसीईएसच्याच प्रक्रियेतून जाते, पण त्या आयआयटीचा प्रवेश तुम्हाला स्वतः मिळवावा लागतो. आयआयटी बॉम्बेला किंवा मद्रासला आधीच प्रवेश मिळण्याइतका गेट स्कोअर असेल तर हा पर्याय जरूर भरा.

तिसरं दार एनपीसीआयएल. वीज केंद्रं चालवणारी सरकारी कंपनी, १९८७ पासूनची, मुख्यालय अणुशक्तीनगर. यांची एक्झिक्युटिव्ह ट्रेनी भरती गेटमधून होते, प्रशिक्षण एक वर्षाचं, विद्यावेतनासह, नंतर पद तेच. फरक कामाच्या स्वभावात आहे. बीएआरसीत संशोधन, आणि जागा बहुधा तुर्भ्याची. एनपीसीआयएलमध्ये केंद्र चालवणं, दुरुस्ती, बांधकाम, आणि पोस्टिंग तारापूर, काक्रापार, रावतभाटा, कैगा, कुडनकुलम असं कुठेही. शिफ्ट आली, रात्रपाळी आली. ज्याला यंत्र चालताना ऐकायला आवडतं त्याने इकडे यावं. ज्याला एकाच प्रश्नावर तीन वर्षं बसायला आवडतं त्याने तिकडे.

आणि हो, आयआयटी कानपूरमध्ये न्यूक्लियर इंजिनिअरिंगचा जुना एम.टेक. अभ्यासक्रम आहे. गेटवर प्रवेश, दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन. ओसीईएस चुकलं आणि तरीही याच विषयात राहायचं असेल तर पदरचे पैसे न घालता शिकायचा हा मार्ग.

पायरी ५: पदवी नसेल तर

डिप्लोमावाल्यांची आणि बी.एस्सी.वाल्यांची चौकशी कमी येते, कारण त्यांना वाटतं हे क्षेत्र मोठ्या हुशारांचं. वीज केंद्रात प्रत्यक्ष हात लावणारे निम्म्याहून जास्त लोक हेच असतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

बीएआरसी आणि एनपीसीआयएल 'स्टायपेंडरी ट्रेनी' नावाने दोन गटांत भरती करतात. पहिला गट अभियांत्रिकी डिप्लोमा आणि बी.एस्सी.चा: एनपीसीआयएलमध्ये १८ महिने प्रशिक्षण, मग सायंटिफिक असिस्टंट 'बी', स्तर ६, मूळ वेतन ३५,४००. दुसरा गट आयटीआय किंवा बारावी विज्ञानाचा: २४ महिने प्रशिक्षण, मग टेक्निशियन 'बी', स्तर ३, मूळ वेतन २१,७००. दोन्हींत गुणांची अट आहे आणि प्रशिक्षणात विद्यावेतन आहे. एनपीसीआयएलच्या या जाहिरातींत शारीरिक अटही असते, किमान उंची १६० सेंमी आणि वजन ४५.५ किलो. अर्ज भरून, परीक्षा पास होऊन, मेडिकलला गेल्यावर हे कळलेला एक मुलगा माझ्या ओळखीत आहे. जाहिरात शेवटच्या पानापर्यंत वाचा.

सरकारी तंत्रनिकेतनातला डिप्लोमा, त्यावर ही नोकरी, हिशोबाच्या दृष्टीने या लेखातला सगळ्यात भारी सौदा कदाचित हाच आहे. एकविसाव्या वर्षी घरी पैसे यायला लागतात. खात्यात राहून पुढे शिकता येतं, बढत्याही होतात.

पायरी ६: भौतिकशास्त्राकडून येणारे

इंजिनिअर व्हायचं नसेल पण अणूचं वेड असेल तर बारावीनंतर नेस्ट परीक्षा द्या. तिच्यातून भुवनेश्वरच्या नायसरमध्ये किंवा मुंबईत कालिना परिसरातल्या सीईबीएसमध्ये पाच वर्षांची एकत्रित एम.एस्सी. करता येते. पात्र विद्यार्थ्यांना वर्षाला ६०,००० रुपयांची शिष्यवृत्ती असते.

एम.एस्सी. फिजिक्स झालेल्यांसाठी आणखी एक वाट आहे, जिच्याबद्दल मुंबई-पुण्याबाहेर फार कमी जणांना माहीत असतं. बीएआरसीचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा पदव्युत्तर डिप्लोमा. तो केलेला माणूस रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट होऊ शकतो. कर्करोगावर रेडिएशन देणाऱ्या प्रत्येक केंद्राला असा माणूस आणि रेडिएशन सुरक्षा अधिकारी ठेवणं अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणे भाग आहे. नवं कॅन्सर रुग्णालय जिल्ह्याच्या गावी उघडलं तरी त्याची जागा निघतेच.

किरणोत्सर्गाचे उपयोग वीज आणि औषध यांपलीकडेही आहेत. लासलगावला कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून उभारलेल्या केंद्रातून २००७ पासून हापूस प्रक्रिया होऊन अमेरिकेला जाऊ लागला. वाशीला मसाल्यांवर प्रक्रिया होते. ही छोटी, पण न आटणारी कामं आहेत.

पायरी ७: चार वर्षांत करायच्या गोष्टी

गेटचा अभ्यास तुम्ही करालच, त्याबद्दल सांगणारे क्लासवाले गल्लोगल्ली आहेत. मी एका वेगळ्या कामाबद्दल सांगतो, ज्याला फक्त लॅपटॉप आणि दोन महिन्यांच्या संध्याकाळी लागतात.

ओपनएमसी नावाची एक मोफत संगणक-प्रणाली आहे, एमआयटीत सुरू झालेली. न्यूट्रॉन इंधनात, पाण्यात, धातूत कुठे जाऊन आदळतो, शोषला जातो की विखंडन करतो, हे ती लाखो न्यूट्रॉन 'सोडून' मोजते. पायथन येत असेल तर वापरता येते. तिच्यात नैसर्गिक युरेनियमची एक इंधन-कांडी मांडा, म्हणजे युरेनियम-२३५ चं प्रमाण जेमतेम ०.७ टक्के. भोवती साधं पाणी ठेवा, अशा कांड्यांची अनंत जाळी धरा आणि गुणक काढा, म्हणजे न्यूट्रॉनची एक पिढी पुढच्या पिढीत किती पट होते ते. कितीही अंतर बदललंत तरी तो एकच्या खाली राहील, म्हणजे साखळी विझणार. आता पाण्याच्या जागी जड पाणी घाला आणि अंतर वाढवत जा. गुणक एकच्या वर चढेल.

आपल्या देशाने जड पाण्याची भट्टी का निवडली, हे तुम्हाला त्या क्षणी पाठ न करता कळेल. समृद्ध युरेनियमचे कारखाने नव्हते, नैसर्गिक युरेनियमवर भट्टी चालवायची होती. मग ही जड पाण्याची वाट, मग तिच्या वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम, त्यावर कल्पाक्कमची ५०० मेगावॉटची द्रुतगती भट्टी, आणि शेवटी केरळच्या वाळूतलं थोरियम. तीन टप्प्यांचा कार्यक्रम प्रत्येक जण मुलाखतीत घोकून म्हणतो. स्वतःच्या आलेखावरून समजावणारा एखादाच असतो.

हे काम नीट करून दोन पानांत लिहा. नंतर १९ कांड्यांचा जुडगा, जो २२० मेगावॉटच्या भट्टीत असतो, आणि ३७ कांड्यांचा, जो ५४० आणि ७०० मध्ये असतो, यांची तुलना करा. कॉलेजात प्रोजेक्ट म्हणून चाललं तर उत्तम. 'आयओटीवर चालणारा डस्टबिन' करणाऱ्या ग्रुपपेक्षा तुम्ही एका सेमिस्टरमध्ये कुठल्या कुठे पुढे जाल.

पायरी ८: मुलाखत

बीएआरसीची मुलाखत तासभरही चालू शकते. तुम्हाला आवडीचे विषय विचारतात, आणि मग त्याच विषयाच्या मुळापर्यंत जातात. दहा विषय 'थोडेथोडे' येणं इथे कामाचं नाही. तीनचार विषय असे तयार ठेवा की सूत्र फळ्यावर पहिल्यापासून सिद्ध करता येईल.

प्रश्न कसे वळतात याचं एक नमुना-उदाहरण देतो. समजा त्यांनी विचारलं, कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते? तुम्ही म्हणालात, दाब वाढला की पाण्याचा उत्कलन बिंदू वाढतो. बरं, मग दाब १०० पट केला तर पाणी कितीला उकळेल? साधारण ३११ अंशांना. आपल्या भट्टीत शीतक याच्या आसपासच्या दाबावर का ठेवतात? मग शिट्टी उघडीच अडकली आणि दाब अचानक गेला तर काय होईल? इंधनाच्या पृष्ठभागावर वाफेचा थर बसला तर उष्णता बाहेर कशी पडेल? डाळीपासून दोन मिनिटांत तुम्ही अपघाताच्या विश्लेषणात पोहोचलात. इथे पाठांतर कामी येत नाही. "हे मला माहीत नाही, पण असा विचार करेन" हे उत्तर मात्र चालतं. थापा मारल्या की समोरचे तीन शास्त्रज्ञ एकमेकांकडे बघून हसतात, आणि ते हसणं फार महाग पडतं.

कागदपत्रांचं एक सांगून ठेवतो. निवड झाल्यावर वैद्यकीय तपासणी आणि पोलिस पडताळणी होते. शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि जात प्रमाणपत्रावर नावाचं स्पेलिंग वेगवेगळं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्या. जात पडताळणीला जिल्ह्याच्या ठिकाणी किती खेटे पडतात ते मी सांगायला नको.

घोषणांवर करिअर बेतू नका

रत्नागिरीकडच्या एका पालकांनी मला विचारलं होतं, "जैतापूर सुरू होईपर्यंत मुलगा न्यूक्लियर होऊन तयार असेल ना?" जैतापूरसाठी फ्रान्सच्या अरेवाशी करार झाला डिसेंबर २०१० मध्ये. सहा भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट. करार करून बसलेल्यांची मुलं त्या वेळी पहिलीत असतील तर एव्हाना पदवीधर झाली आणि प्रकल्पाच्या जागी, माडबनच्या सड्यावर, भट्टीचं काँक्रीट अजून पडलेलं नाही.

घोषणा खोटी असते असं नाही. अणुभट्टीचा वेळच तसा असतो. काक्रापारच्या तिसऱ्या भट्टीचं काँक्रीट नोव्हेंबर २०१० ला पडलं आणि व्यापारी वीज २०२३ च्या जूनअखेर सुरू झाली. तेव्हा २०४७ पर्यंत १०० गिगावॉटचं उद्दिष्ट, छोट्या भट्ट्यांसाठी २०२५ च्या अर्थसंकल्पातले २०,००० कोटी, डिसेंबर २०२५ मध्ये खासगी कंपन्यांना दार उघडणारा 'शांती' कायदा, या बातम्या वाचून उत्साह येऊ द्या. पण कॉलेज निवडताना सध्या जिथे काम चालू आहे तिकडे बघा. २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने एकदम दहा ७०० मेगावॉटच्या भट्ट्यांना मंजुरी दिली. त्यांचे भाग आज कुठेतरी बनतायत.

बनतायत ते आपल्याच आसपास. सुरतजवळ हजिराला लार्सन अँड टुब्रो, इंदापूर तालुक्यात वालचंदनगर इंडस्ट्रीज, विक्रोळीत गोदरेज, शिरवळला केएसबीचे पंप. बांधकामात एचसीसी. खासगी उद्योगाचा सहभाग वाढला तर सगळ्यात आधी माणसं इथे लागतील, आणि इथे वेल्डिंग, दर्जा-नियंत्रण, डिझाइन कोड येणाऱ्यांना मागणी असते. माझ्या कारखान्यात मुलाखतीला आलेल्या न्यूक्लियरच्या एका पदवीधराला रिअ‍ॅक्टर फिजिक्स छान येत होतं, पण वेल्डची रेडिओग्राफीची (एक्स-रेसारखी) फिल्म वाचता येत नव्हती. आम्ही डिप्लोमावाला घेतला.

परदेशाबद्दल थोडं

अमेरिकेत न्यूक्लियरची पदवी मोठ्या विद्यापीठांत मिळते, आणि एमआयटी, मिशिगन, विस्कॉन्सिन ही नावं घरी सगळ्यांना माहीत असतात. एम.एस. स्वखर्चाने, पीएच.डी. बहुधा विद्यापीठाच्या पैशाने. पण नोकरीच्या टप्प्यावर भारतीय पासपोर्ट आडवा येतो. राष्ट्रीय प्रयोगशाळा, नौदलाशी जोडलेली कामं, यांतली अनेक पदं फक्त नागरिकांसाठी असतात. परदेशी नागरिकाला अणुतंत्रज्ञानाची माहिती देणं हीच तिथे निर्यात समजली जाते आणि तिला परवानगी लागते. कर्ज काढून जाण्याआधी हे विद्यापीठाच्या करिअर ऑफिसला स्पष्ट विचारा: गेल्या काही वर्षांत नागरिक नसलेले तुमचे विद्यार्थी कुठे लागले?

कॅनडाचा विचार जरा वेगळा. तिथल्या कॅन्डू भट्ट्या आणि आपल्या जड पाण्याच्या भट्ट्या एकाच घराण्यातल्या. ओशावाच्या ऑन्टारियो टेक विद्यापीठात न्यूक्लियरची पूर्ण पदवी आहे आणि शेजारीच डार्लिंग्टनला नवी छोटी भट्टी बांधायला २०२५ मध्ये परवानगी मिळाली. फ्रान्समध्ये सरकारी विद्यापीठांचं शुल्क कमी, पण भाषा शिकल्याशिवाय कारखान्यात पाय ठेवता येत नाही.

माझं मत विचाराल तर, आधी इथे पाच वर्षं काम करा, मग जा.

घरच्यांचा प्रश्न

सगळं ठरलं की एका संध्याकाळी आई, आजी किंवा होणारे सासरे हळूच विचारतात, "त्या रेडिएशनने काही होत नाही ना? पुढे मुलंबाळं?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, आकडे सांगा.

जगात कुठेही राहणाऱ्या माणसाला जमिनीतून, हवेतून, आकाशातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या डोसचं माप) नैसर्गिक किरणोत्सर्ग मिळतो. आपल्या नियामक मंडळाने कामगारासाठी पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट ठरवलेली आहे, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर जायचं नाही. सामान्य जनतेसाठी मर्यादा १. कामाच्या पहिल्याच दिवशी छातीवर एक छोटा बॅज मिळतो, टीएलडी म्हणतात त्याला. तो ठरावीक काळाने प्रयोगशाळेत जातो आणि तुमच्या नावावर किती डोस जमा झाला ते लिहून येतं. मर्यादेच्या जवळ गेलात तर त्या भागातलं काम थांबवून दुसरीकडे बसवतात. गरोदर महिलांसाठी नियम अधिक कडक.

आजींना मिलिसिव्हर्ट कळलं नाही तरी चालेल. बॅज दाखवा, आणि वसाहतीत शाळा आहे, दवाखाना आहे, क्वार्टर मिळतं हेही सांगा. बोईसर स्टेशनवरून तारापूरच्या वसाहतीत रिक्षा जाते, रविवारी भेटायला येता येईल.